त्या दिवशी वाचनं तीन होती

पत्र :

मावशी, मी नागपुरात सदर भागात राहते, धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्या कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे दिवसाची वाचनं येतात, म्हणजे त्या दिवशी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) वाचायचे बायबलचे उतारे. कडबी चौकात मेट्रोत बसले की उघडते, काँग्रेसनगर येईपर्यंत संपवते, दोघी-तिघींना पुढे पाठवते. वॉर्डात पाय ठेवला की सगळं डोक्यातून जातं.

सासरे गेल्यापासून घराच्या वाटणीवरून जावेशी वाद आहे. ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. ईस्टरपासून अबोला आहे. २२ जून २०२५च्या रात्री फार वाजलं. सकाळी वाचन उघडलं तर देव अब्रामाला म्हणतो, तुझा देश, तुझं गणगोत सोड आणि निघ. मला वाटलं, देव माझ्याशीच बोलला. त्याच दिवशी आखाती देशातल्या नोकरीसाठी एजंटला हो म्हटलं, पासपोर्टही देऊन आले. नवरा तेव्हापासून नीट बोलत नाही. मग १४ ऑगस्टला क्षमेचं वाचन आलं, साताच्या सत्तर वेळा. म्हणजे आता आमचा अर्धा हिस्सा सोडून द्यायचा का? एकदा निघ म्हणतो, एकदा माफ कर म्हणतो, यातलं माझ्यासाठी कोणतं? आणि मनात इतका राग असताना मिस्सात ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घ्यावं की नाही? काही दिवस तर वाचनात माझ्यासाठी काहीच सापडत नाही. वाचन जगण्यात उतरवायचं म्हणजे नेमकं करायचं तरी काय?

— एक वाचक, सदर

उत्तर :

तुझं पत्र वाचल्यावर मी २३ जूनची वाचनं पुन्हा काढून बसले. तूही काढ. त्या दिवशी वाचनं तीन होती आणि तू त्यातलं एकच उचललंस.

पहिलं बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या १२व्या अध्यायातलं, अब्रामाला निघायला सांगणारं. ते तू वाचलंस. त्याच्यामागून ३३वं स्तोत्र होतं आणि त्यात एक ओळ आहे की आमचा जीव परमेश्वराची वाट पाहतो. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, होतं मत्तयच्या ७व्या अध्यायाच्या सुरुवातीचं. भावाच्या डोळ्यातलं कुसळ तुला दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, आधी ते काढ. आदल्या रात्री जावेशी भांडून उठलेल्या बाईसमोर त्या सकाळी देवाने तीन गोष्टी ठेवल्या होत्या. निघ, थांब, आणि आधी स्वतःकडे बघ. तुझं मन जिकडे आधीच धावत होतं तेवढी ओळ तुझ्या डोळ्यांत भरली. हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. दुखावलेलं माणूस असंच वाचतं. पण त्या ओळीवर तू नोकरी, नवरा आणि पासपोर्ट असं सगळं ठेवलंस, म्हणून हे स्पष्ट बोलायला हवं.

ही वाचनं कुणी तुझ्याकडे बघून निवडलेली नसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, ठरवलं की लोकांसमोर पवित्र शास्त्राचं भांडार आणखी मोकळ्या हाताने उघडावं, आणि १९६९ साली आजची मांडणी आली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात. आठवड्यातल्या दिवसांचं पहिलं वाचन सामान्य काळात, म्हणजे नाताळ-ईस्टरचे हंगाम सोडून, दोन वर्षांनी परत येतं, एक विषम सालासाठी आणि एक सम सालासाठी. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. आधी मार्क, मग मत्तय, मग लूक, असं क्रमाने, तुकड्यातुकड्याने. २०२५ हे विषम साल, म्हणून जूनच्या अखेरीस अब्राम आला. त्या सोमवारी वसईतल्या मिस्सालाही तोच आला आणि केरळातल्या लॅटिन रीतीच्या चर्चमध्येही. सगळ्यांना देवाने परदेशी जायला सांगितलं नव्हतं.

म्हणजे देव वाचनातून तुझ्याशी बोलत नाही, असं मुळीच नाही. तो बोलतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो सगळ्या मंडळीशी बोलतो आणि त्या बोलण्यात तुला बसवून घेतो. राशिभविष्यासारखी रोज सकाळी एक चिठ्ठी काढून त्यावर दिवस ठरवणं वेगळं. तू नर्स आहेस म्हणून तुझ्याच कामातलं सांगते. ड्युटीवर आल्यावर आजच्या एका नोंदीवरून तू पेशंटचं सगळं ठरवत नाहीस. हँडओव्हर घेतेस, कालची-परवाची फाइल चाळतेस, मग हात लावतेस. वाचनांनाही आदला-पुढचा दिवस असतो, आणि तो सोडला की अर्थ हातातून निसटतो.

अब्रामाचंच घे. उत्पत्तीचा १३वा अध्याय या क्रमात दुसऱ्या दिवशी यायचा होता. २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मसोहळा असल्यामुळे त्या मंगळवारी वाचनं वेगळी आली आणि तो भाग तुझ्या मोबाइलवर आलाच नाही. आज रात्री तो स्वतः उघड. अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट, दोघांचीही गुरंढोरं वाढलेली, एका जागेत दोघांचं भागेना, गुराख्यांत रोज भांडणं. अब्राम म्हणतो, आपण नातलग आहोत, आपल्यात तंटा नको. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. आणि वडीलधारा असून पहिली निवड लोटाला देतो. तुझ्या घरचीच गोष्ट आहे ही! सोमवारवर थांबलीस म्हणून तुझ्या हाती फक्त 'निघ' लागलं. पुढचा अध्याय वाचला असतास तर वेगळं राहूनही नातं राखता येतं, इथपर्यंत पोचली असतीस.

ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झालं. १४ ऑगस्टच्या गुरुवारी क्षमेचं वाचन होतं हे खरं. पण १३ तारखेला, बुधवारी, त्याच मत्तयच्या १८व्या अध्यायातला आधीचा भाग होता. भावाने तुझा अपराध केला तर जा, त्याला एकट्याला गाठ आणि दोघांमध्येच त्याची चूक दाखव. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना बरोबर घे. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. प्रभू येशूने हे आधी सांगितलं आहे. क्षमा किती वेळा, हा त्याचा शिष्य पेत्र याचा प्रश्न त्यानंतरचा. क्षमा म्हणजे गप्प बसून सगळं गिळणं असतं तर बुधवारच्या त्या पायऱ्यांची गरजच नव्हती.

गुरुवारचा दाखलाही जरा हिशेब मांडून वाच. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांत कर्ज आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. हे कर्ज कुणाच्या बापजन्मी फिटणारं नव्हतं आणि ते माफ झालं. त्याच चाकराचे दुसऱ्याकडे शंभर दीनार येणे आहेत. बरेच लोक हे शंभर दीनार किरकोळ म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे गरिबाच्या घरातले तीन महिने. जावेने तुला दुखावलं ते क्षुल्लक होतं, असं प्रभू कुठेही म्हणत नाही. तुझं दुखणं खरं आहे आणि त्याचं मोल आहे. तो एवढंच विचारतो की तुला जे माफ झालंय ते आठवून तू समोरच्याचा गळा सोडशील का? त्या चाकराने दुसऱ्याचा गळा धरला होता, लक्षात घे. राजाला राग आला तो त्याचा.

तर गळा सोडायचा, हिशेब करायचा. दोन्ही एका वेळी करता येतं.

आता बुधवारप्रमाणे एकटी जा. दिराला मध्ये घालू नकोस, कुटुंबाच्या ग्रुपवर काही लिहू नकोस, रविवारी मिस्सा सुटल्यावर कॅथेड्रलच्या आवारात चार जणींसमोर विषय काढू नकोस. दुपारची वेळ बघ, जिना चढून वर जा आणि म्हण, "मला तुमच्याशी दोघींतच बोलायचंय. २२ तारखेला मी जे बोलले त्यातलं चुकीचं होतं ते मी मागे घेते. घराचं कागद बघून ठरवू, तोवर बोलणं बंद नको." एवढंच. ती काय म्हणाली होती ते त्या दिवशी उगाळू नकोस. तिने दार लावून घेतलं तर खाली ये आणि पुढची पायरी घे. दोघींना ज्यांचा शब्द जड वाटतो अशी एक-दोन वडीलधारी माणसं घरात असतातच.

वाटणीचा निर्णय मात्र शुभवर्तमानाकडे मागू नकोस. ३ ऑगस्टचा रविवार आठवतो? लूकच्या १२व्या अध्यायातलं वाचन होतं. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतन वाटून दे म्हणून. प्रभू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि लगेच लोभापासून सावध राहायला सांगतो. वाटणी करून द्यायला त्याने नकार दिला, मनातल्या लोभाबद्दल मात्र तो बोलला. वाटणीसाठी कायदा आहे.

तू 'अर्धा हिस्सा' लिहिलंस, तिथे मला थांबावं लागलं. घर सासऱ्यांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे-मुलींमध्ये सारखे वाटले जातात. म्हणजे सासूबाई असतील तर त्या घराचा एक तृतीयांश वाटा त्यांचा आहे, आणि पत्रात तू त्यांचं नावही घेतलेलं नाहीस. नणंद असेल तर तिचाही भावांइतकाच हक्क, लग्न झालेलं असलं तरी. दोन भाऊ आणि एक बहीण धरली तर तुझ्या नवऱ्याच्या वाट्याला दोन नवमांश येतात, अर्धं नाही. तू आणि जाऊ दोघी ज्या अर्ध्या-अर्ध्यासाठी भांडताय, ते अर्धं कुणाचंच नसेल, अशी दाट शक्यता आहे. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढा, वकिलाला दाखवा, आणि त्याच्याही आधी सासूबाईंना विचारा की त्यांच्या मनात काय आहे. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. या घरात ती इथून सुरू होते, असं मला वाटतं.

ख्रिस्तशरीराबद्दल. राग येतो, छातीत धडधड होते, समोर दिसली की तोंड फिरवावंसं वाटतं, एवढ्यावरून स्वतःला वेदीपासून तोडून घेऊ नकोस. तिचं वाईट व्हावं असं मनात धरून तेच जपत बसणं ही गोष्ट वेगळी, आणि तसं असेल तर आधी कन्फेशनला जा. तुझ्या मनात नेमकं काय आहे हे फादरसमोर मोकळेपणाने बोललीस तरच कळेल, माझ्या सदरातून ते ठरायचं नाही. पण मिस्सा चुकवू नकोस. शांतीचं अभिवादन करताना मनातल्या मनात तिचं नाव घे. इतकं आजही जमेल.

राहिला तुझा मूळ प्रश्न, रोज करायचं काय.

सकाळी मेट्रोत वाचतेस ते आदल्या रात्री वाच. आणि मोठ्याने, मराठीत, सासूबाईंच्या शेजारी बसून. इंग्रजी किंवा हिंदी मिस्सा ऐकणाऱ्या आपल्या नागपूरकरांना घरात मराठीत ऐकलेलं शुभवर्तमान वेगळंच भिडतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मिळालं तर ते घे. त्यांची भाषा घरात बोलतो तशी आहे. तिन्ही वाचनं झेपली नाहीत तर शुभवर्तमान एकच वाच, पण त्याच्या आधीचा दिवसही डोळ्याखालून घाल.

१६ सप्टेंबरच्या मंगळवारचं बघू. लूकच्या ७व्या अध्यायातली नाईन गावची विधवा. 'यात माझ्यासाठी काय' हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि प्रभू काय करतो ते क्रमाने बघ. गावच्या वेशीशी अंत्ययात्रा येते आहे, एकुलता एक मुलगा गेलाय, आई विधवा. तिने काही मागितलेलं नाही. त्याला पुढे बोलवायला कुणी गेलेलं नाही. तो तिला बघतो. त्याला कळवळा येतो. पहिलं वाक्य तो आईशी बोलतो, रडू नकोस. मगच तिरडीला हात लावतो, खांदेकरी थांबतात, मग मुलाला उठ म्हणतो. आणि शेवटी मुलाला आईच्या हवाली करतो. सबंध गोष्टीत त्याची नजर आईवर आहे.

हे वाचून झालं की दोन मिनिटं गप्प बस. सासूबाईंना विचार, यातलं काय मनाला लागलं. नवरा गेलेली बाई ही गोष्ट तुझ्या-माझ्यापेक्षा वेगळी ऐकेल. मग त्यातली एकच कृती धर. समजा, 'तो आधी आईशी बोलला' हे धरलंस. मंगळवारी आयसीयूच्या दाराबाहेर बाकावर रात्रभर बसलेली कुणी बाई असेलच. मॉनिटर आणि सलाइनकडे जायच्या आधी तिच्यापाशी अर्धं मिनिट थांब. "मी आता आत जातेय, बघून येते आणि तुम्हाला सांगते." आणि खरंच परत येऊन सांग. वाचन जगण्यात उतरतं म्हणजे हे. एक दिवस, एक माणूस, एक गोष्ट. रात्री झोपताना स्वतःला विचार, केलं का? नसेल झालं तर देवाला तसं सांग आणि झोप. उद्याचं वाचन वेगळं आहे.

जमलं तर आदल्या दिवशीचंही वाच. १५ सप्टेंबरला दुःखी मातेचा स्मृतिदिन असतो. क्रुसाखाली उभी असलेली आई, आणि मरतानाही तिची सोय लावणारा मुलगा. सोमवार-मंगळवार एकापाठोपाठ वाचलेस तर नाईनच्या वेशीवर प्रभूला ती विधवा का दिसली, याचा तू वेगळा विचार करशील.

ज्या दिवशी काहीच सापडत नाही त्या दिवशी शोधत बसू नकोस. १७ डिसेंबरला मत्तयची वंशावळ येईल, नावांमागून नावं. वाच आणि पुढे जा. त्या नावांत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे. पुढे कधीतरी त्या तिघींच्या गोष्टी वाचशील तेव्हा ती यादी उलगडेल.

आणि ड्युटीमुळे तासभर प्रार्थना होत नाही, याची खंत नको. आपलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स, त्यांनी १६०९ साली खास संसारी माणसांसाठी भक्तीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की भक्ती प्रत्येकाच्या कामाला आणि ताकदीला साजेशी हवी. बिशपाने मठातल्या साधूसारखं एकांतात बसावं आणि कारागिराने दिवसभर चर्चमध्येच राहावं, ही भक्ती नव्हे. ज्या भक्तीने माणसाचं हातातलं काम बिघडतं ती खोटी, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. सलग नाइट ड्युटी करणाऱ्या बाईची दहा मिनिटं त्यांनी कमी लेखली नसती.

आता परदेशाचं. जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. पगार, मुलांचं शिक्षण, तुझी वाढ, ही सगळी खरी कारणं आहेत आणि देव माणसाच्या विचारशक्तीतूनही बोलतो. पण संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम तुझ्यासाठी फार नेमका आहे : मन खचलेलं, काळोखात असताना आधीचा निश्चय बदलू नये. तू २३ जूनच्या सकाळी हो म्हणालीस ते आदल्या रात्रीच्या भांडणातून. त्या 'हो'ला धरून बसायची गरज नाही आणि तो मोडल्याचं पापही नाही. नवऱ्याबरोबर बस. जाण्याच्या बाजूची कारणं एका कागदावर आणि न जाण्याची दुसऱ्यावर मांडा, काही दिवस दोघं मिळून प्रार्थना करा, सासूबाईंकडे कोण बघणार ते ठरवा. जावेशी बोलणं झाल्यावरही जावंसं वाटलं, तर त्या इच्छेला वजन आहे. घरातून पळ काढायला म्हणून जात असशील तर तोच राग बॅगेत भरून नेशील.

एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघ, करारातला पगार आणि कामाचे तास लेखी माग. निर्णय होईपर्यंत पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये राहायचं काही कारण नाही. तो उद्याच जाऊन परत आण, नवऱ्याला बरोबर घेऊन.